मधला प्लग माझ्या हातून गेला

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे जुन्या गाडीचे प्लग बदलणं. रविवारची सकाळ होती. किन्हीराजातल्या आमच्या घरापुढं लिंबाच्या सावलीत गाडी उभी केली होती. आठशे सीसीची, पेट्रोलवर चालणारी, तीन प्लगांची. रंग पांढरा म्हणायचा, पण पत्रा पार पिवळा पडला आहे. दोन दिवसांपासून ती मिसिंग मारत होती, म्हणजे चालता चालता ठसका लागल्यासारखी अडखळत होती, आणि दुपारी आम्हाला इंझोरीला लेकीकडे, ममताकडे जायचं होतं. मी बॉनेट उघडून वाकलो होतो. ममताची माय बाजूला स्टुलावर बसून नवे तीन प्लग मांडीवर घेऊन एकेकाची फट तपासत होती. प्लगच्या टोकाला बारीक फट असते, ठिणगी तिथंच पडते. ती फट कमीजास्त झाली की गाडी रुसते. फट मोजायला तिच्याजवळ लोखंड कापायच्या करवतीच्या मोडक्या पात्याचा बोटभर तुकडा होता. तो फटीत कसा सरकतो यावरून तिला बरोबर समजायचं. त्याच्या दहाव्या दिवशी ती गेली.

तिला जाऊन आता सव्वा महिना होतो आहे. पेपरच्या पुरवणीत लोक आपल्या माणसांच्या आठवणी लिहितात, चांगलं चांगलं लिहितात. मी चौथी शिकलेला, सगळी उमर ड्रायव्हरकी आणि इंजिनात हात काळे करण्यात घालवलेला माणूस. मला तसं लिहिता येत नाही. आणि मला जे सांगायचं आहे ते चांगलं नाहीही. मी तिच्या नावावर एक खोटं घातलं. ते घेऊनच ती गेली. ते तिच्या नावावरून काढायचं आहे, एवढ्यासाठी हे लिहितो.

ती लग्न होऊन आली तेव्हा मी एका डॉक्टरांची जीप चालवत होतो. पुढं ही गाडी जुनीच घेतली आणि भाड्यानं चालवू लागलो. दवाखान्याचे पेशंट, लग्नाची मंडळी, पोहरादेवीचे भाविक. तेव्हा नवे प्लग घेणं परवडत नव्हतं, जुनेच खोलून साफ करायचे. एकदा मी दमून आलो आणि काळेकुट्ट झालेले तिन्ही प्लग ओसरीवर टाकून झोपलो. उठून पाहतो तर तिन्ही लख्ख. तिनं रॉकेलात भिजवून, जुन्या दातघासणीनं आणि बारीक तारेनं खोबणीतली काजळी काढली होती, जशी समईची काढतात तशी. मी म्हटलं, "तुले कोनं सांगितलं हे कराले?" ती म्हणाली, "चुलीवरचं गंज-भांडं घासाले कोनी सांगते काय? काळं दिसलं, घासलं." गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. त्या दिवशी गाडीत बसलेला एक मास्तर म्हणाला, गाडी मोठी गोड चालते तुमची. मी म्हटलं, हात बसला आहे आपला... तिचं नाव घेतलं नाही. घ्यावं असं वाटलंही नाही. बायकोनं घासलेलं ताट आपण कुठं कोणाला सांगतो.

मग पोहरादेवीच्या गर्दीच्या दिवसांतली गोष्ट. गाडीत चार माणसं होती, मागं कोपऱ्यात तीही होती, जत्रा पाहायला म्हणून आलेली. मधेच इंजिन दोन पायांवर लंगडल्यासारखं चालू लागलं. तीनपैकी एक प्लग मेला होता, पण कोणता ते समजेना. मी एकेक खोलून पाहायच्या तयारीत होतो. ती उतरली, बाटलीतलं पाणी हातावर घेतलं आणि गाडी चालू असतानाच इंजिनातून सायलेन्सरमध्ये धूर जातो त्या तिन्ही तोंडांवर थोडं थोडं शिंपडलं. दोन तोंडांवर पाणी चर्र करून उडालं. तिसऱ्यावर नुसतं ओघळलं. "हे गार हाय," ती म्हणाली, "इथला प्लग मेला. तवा तापला का नाही ते असंच पाहतो न आपन." तोच प्लग निघाला मेलेला. प्रवाशांपैकी एक जण म्हणाला, "ड्रायव्हर लय हुशार हाय बाप्पा." तिनं पदराआड हसून माझ्याकडे पाहिलं. मी बॉनेट खाली आपटलं आणि म्हटलं, "बसा, बसा." पुढं ती युक्ती मी कितीतरी ड्रायव्हरांना शिकवली. माझी म्हणून.

फाट्यावर रफिकचं ग्यारेज आहे. रफिक तरुणपणी माझ्याजवळच काम शिकला, म्हणून आजही मला उस्ताद म्हणतो. पण तिच्या हाताची पारख त्यानं केली, मी नाही केली. तो एकदा घरी आला, ओसरीवर तिचं काम पाहिलं, आणि दुसऱ्या आठवड्यापासून गिऱ्हाइकांचे प्लग डब्यात घालून तिच्याकडे पाठवू लागला. ऑटोचे, फटफट्यांचे, फवारणीच्या पंपांचे. दर बुधवारी डबा यायचा, शुक्रवारी जायचा. वीसेक वर्षं हे चाललं. प्लग बसवायचीही तिची एक रीत होती. इंजिनातली भोकं खोल, तिथं बोट पोचत नाही. मिस्त्री लोक सरळ पान्यात प्लग धरून फिरवतात. ती गॅसच्या शेगडीच्या जुन्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यात अडकवून नळीनंच फिरवायची. प्लग सरळ बसत असला तर नळी फिरते. तिरपा जात असला तर नळी निसटते, जोर लागतच नाही, आटे वाचतात. आटे म्हणजे भोकाच्या आतली चुडी. आमच्या गाडीचं हेड, म्हणजे प्लग बसतात तो इंजिनाचा वरचा भाग, अल्युमिनियमचं, नरम. एकदा आटे गेले की झालं. रफिकनं ती नळी पाहून कपाळाला हात लावला होता. म्हणाला, "भाभी, ये तो हमारे उस्ताद ने भी नहीं सिखाया." मी म्हटलं, "बायकाइचे खेळ हायेत ते. पान्याले हातात जीव पाह्यजे."

तर त्या रविवारी. पहिला प्लग तिनंच नळीनं बसवला, मी पान्यानं कसला. दुसरा, म्हणजे मधला, मी तिच्या हातातून घेतला. समोरच्या घरची माणसं ओट्यावर बसून पाहत होती आणि मला वाटलं, आपल्या गाडीला आपली बायको हात लावते आणि आपण नुसते उभे. माझी बोटं आता पहिल्यासारखी राहिली नाहीत. दोन बोटांना स्पर्शच समजत नाही. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तिला मात्र माहीत होतं, शर्टाची गुंडी तीच लावायची. मी प्लग सरळ पान्यात धरला आणि भोकात घालून फिरवला. अर्धा फेरा गेला आणि अडला.

"थांबा, ममताचे बाबा," ती म्हणाली. "तिरपा गेला तो. काढा. नळी घ्या."

"नवा हाय म्हनून अडते."

"नवा हाय म्हनूनच सरळ जाले पाह्यजे. आयका न माहं."

"गप बस," मी ओरडलो. "तू मले शिकवून राह्यली काय? मी इंजिन खोलत व्हतो तवा तू शेन थापत व्हती." समोरच्या ओट्यावर कोणीतरी हसलं. मी पान्यावर दोन्ही हातांनी जोर दिला. कर्र... असा आवाज आला. ज्यानं तो आवाज ऐकला आहे त्याला सांगायला नको. प्लग वाकडा अडकून बसला. बाहेर ओढला तर आट्यांचा चुरा त्याच्याबरोबर आला, चांदीच्या वर्खासारखा चमकत होता. तो चुरा तिनं पदरानं टिपला, इंजिनात पडू नये म्हणून.

इंझोरीचं जाणं राहिलं. संध्याकाळी रफिक फटफटीवर आला. हँडलला पुढच्या बुधवारचा डबा टांगलेला होता, या फेरीत देऊन टाकू म्हणून आणला असेल. त्यानं भोकात बॅटरी मारून पाहिलं, बारीक तार फिरवली आणि सुस्कारा सोडला. "आटे पुरे गेले उस्ताद. हेड उतरवून वाशीमले लेथवाल्याकडे न्यावं लागते. किसने बिठाया?"

मी सांगू शकत होतो. एका शब्दाचं काम होतं, मी. पण त्यानं उस्ताद म्हटलं आणि माझी जीभ फिरली. ती तेव्हाच आतून चहा घेऊन येत होती. मी हनुवटीनं तिच्याकडे दाखवलं आणि म्हटलं, "हिनं. म्हनलं व्हतं हात नको लावू म्हून."

ती दारातच थबकली. माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मला घाम आला होता तो तिला दिसला असणार. मग रफिककडे वळून म्हणाली, "हाव भाऊ. माह्याच हातानं गेला. दिसत नाही आता बरोबर." आणि चहा पुढं केला.

रफिक चांगला माणूस आहे. तो रागावला नाही. हसून म्हणाला, "होते भाभी. इतक्या वर्सात एक तर चुकला. आता आराम करा." चहा पिऊन झाल्यावर त्यानं हँडलवरचा डबा काढलाच नाही. ती म्हणाली, "असू द्या न तो डबा, मी करून ठेवीन उद्या." तो म्हणाला, "नको भाभी, डोयाइले तान कायले देता." आणि डबा परत घेऊन गेला. मी खाटेवर बसून पाहत होतो.

त्यानंतर नऊ दिवस आम्ही एका घरात राहिलो. पण दोघांनी मिळून काही केलं नाही. ती बोलायची, वाढायची, गुंड्या लावायची. बुधवारी तिनं ओसरी झाडली, रॉकेलची वाटी काढून ठेवली आणि बसून राहिली. डबा येणार नाही हे तिला माहीत होतं, तरी बसली. दुपारी वाटी उचलून आत नेली. गिरणीवर दळण आणायला गेली तेव्हा बायांनी विचारलं म्हणे, "काहो मिस्त्रीनबाई, गाडी मोडून टाकली म्हनते?" तीही त्यांच्याबरोबर हसली. घरी येऊन हे तिनंच मला सांगितलं, जशी गंमत सांगतात तसं. मी पेपर वाचत होतो. मी पानसुद्धा खाली केलं नाही.

शुक्रवारी जेवताना तिनं एकदाच विषय काढला. "रफिकभाऊले सांगान काय, माहे डोये चांगले हायेत म्हून? बसल्या बसल्या दिवस जात नाही."

"सांगतो."

"सांगान न?"

"हाव म्हनलं न एकदा."

मी सांगितलं नाही. शनिवारी फाट्यावर गेलो होतो, रफिकच्या समोर उभा होतो. त्यानं विचारलं, भाभी कशी आहे. मी म्हटलं, बरी आहे... आणि घरी येऊन तिला म्हटलं, रफिक दुकानात नव्हता. एक खोटं झाकायला दुसरं. ती म्हणाली, "भेटन तवा सांगा." ती एवढंच बोलली, आणि मला ते आता रोज ऐकू येतं.

मंगळवारी सकाळी ती उंबऱ्यात बसून तुरी पाखडत होती. छातीत कळ आली म्हणाली आणि सूप हातात असतानाच एका अंगावर कलंडली. शेजारच्यांनी डॉक्टरला आणलं. तो म्हणाला, काही करायला वेळच नव्हता. गाडी तेव्हा रफिककडे खोललेली पडली होती, पण गाडी दारात असती तरी फरक पडला नसता. कोणी गाडीचा आणि तिच्या मरणाचा संबंध लावू नये. तशी हळहळ करून घ्यायला मला आवडलं असतं, लोकांनी कीव केली असती. माझा गुन्हा तो नाही. माझा गुन्हा त्याच्यापेक्षा लहान आहे आणि म्हणूनच त्याची लाज जास्त आहे.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विहारात झाला. वंदना झाली, चार माणसं बोलली. रफिकही उभा राहिला. त्याला भाषण येत नाही, डोळे पुसत पुसत म्हणाला, "भाभीसारखा हात या तालुक्यात नाही. जिंदगीत एकच प्लग चुकला त्याइच्या हातून, तो बी सोताच्या गाडीचा." माणसं हलकेच हसली, दुःखातही हसतात तशी, मायेनं. तिचा फोटो समोर होता. मी मान खाली घालून बसलो होतो. बाजूच्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. त्याला वाटलं मी रडतो आहे.

संध्याकाळी घरी फक्त मी आणि ममता उरलो. भांडी आवरता आवरता ती एकदम थांबली आणि म्हणाली, "बाबा, त्या रविवारी मायचा फोन आला व्हता. येत नाही म्हनली, माह्या हातानं प्लग बिघडला. मी हासली हो बाबा. म्हनलं, माय, आता म्हातारपनी त्या गाडीत कायले हात घालतं? बाबाले करू दे, त्याइले समजते." तिचा आवाज फाटला. "ती म्हने, हाव, त्याइले समजते. आमचं शेवटचं बोलनं ते..." लेक भिंतीला टेकून रडू लागली. मी तेव्हाही बोललो नाही. उठून अंगणात गेलो. म्हणजे मी रफिकसमोर बोललो नाही, तिनं मागितलं तेव्हा बोललो नाही, फोटोसमोर बोललो नाही आणि लेक आपण हसलो म्हणून रडत होती तेव्हाही बोललो नाही. मोजून चार वेळा. ज्यानं सांगायला पाहिजे होतं तो मी होतो, आणि माझ्यासाठी ममताची माय माझं खोटं निभावून नेत होती, लेकीजवळसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ममता चहाचं आधण ठेवत होती. मी दारात उभा राहूनच म्हटलं, "मायच्या हातानं प्लग नव्हता गेला. माह्या हातानं गेला. ती नाही म्हनत व्हती, मी जोर केला. आन् रफिकले तिचं नाव सांगितलं."

तिनं गॅस बंद केला. माझ्याकडे पाठ करूनच विचारलं.

"काहून?"

"लाज वाटली."

"कोनाची? रफिकचाचाची?"

"हाव."

"आन् मायची नाही वाटली?"

ती वळली. तिचे डोळे कोरडे होते. "रफिकचाचाले सांगितलं?"

"नाही."

"मंग जा."

"च्या घेऊन जातो..."

"च्या नाही. जा तुमी."

मी चपला घालून फाट्यावर गेलो. ग्यारेजसमोर दोन ऑटो होते, एक ट्रॅक्टरवाला होता, चहाचे गिलास घेऊन चार-पाच माणसं उभी होती. रफिक एका चालू ऑटोखाली वाकलेला होता. मी त्याच्याजवळ जाऊन बोललो. जे लेकीला बोललो तेच, पण हळू. इंजिनाच्या आवाजात ते त्याला ऐकू गेलं नाही, आणि खरं सांगतो, ऐकू जाऊ नये असंच मी बोललो होतो. त्यानं हात लांबवून इंजिन बंद केलं. "काय म्हनता?"

मी पुन्हा सांगितलं. आता सगळीकडे शांत होतं. माणसांनी गिलास खाली केले. रफिक उठून उभा राहिला. कापडानं हात पुसत राहिला, पुसून झाले तरी पुसत राहिला. मग म्हणाला, "मी त्याइच्या हातातून काम काढून घेतलं. तुमी बसून पाह्यलं." मी मान हलवली. तो म्हणाला, "कोनाच्या हातून गेला नाही म्हनता? नाव घेऊन बोला. इथल्या लोकाइनं भाभीचं नाव घेऊन थट्टा केली. तुमी बी नाव घेऊन बोला, सगळ्याइले आयकू जाईन असं."

आमच्या वयाची माणसं बायकोचं नाव घेत नाहीत. ममताची माय म्हणतात, घरातली म्हणतात, नाहीतर नुसतं, अवो. लग्नात एकदा घेतलं होतं, तेवढंच. पहिल्यांदा तोंड उघडलं तर ममताची माय, एवढंच बाहेर आलं. कोणी मदत केली नाही आणि कोणी गेलंही नाही. मी माणसांकडे तोंड केलं आणि फाट्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"माही बायको वच्छला. तिच्या हातानं प्लग बिघडला नाही. मी बिघडवला, आन् वच्छलाचं नाव सांगितलं."